घळीतला वळलेला टापलो

आलुबुखाराचा मुरंबा एकदा चुलीवर चढला की हातातलं उलथनं सोडायची सोय नसते. जरा नजर हलली तर तळाला लागतो, आणि मग सगळा हिवाळा पावावर करपट चव खावी लागते. त्या सकाळी मी तशीच चुलीशी खिळले होते. लेहेल, माझा नवरा, मागच्या अंगणात लाकडं रचत होता. तेवढ्यात दारावर कोणीतरी ठोकलं.

आमच्या कोरोंद गावात दार कोणी ठोकत नाही. शेजारीण असली तर फाटकापासूनच हाका मारत येते, आत काय शिजतंय ते वासावरून ओळखते आणि त्यात काय कमी आहे ते सांगत सांगत उंबरा ओलांडते. दार ठोकतो तो पोस्टमन, पोलीस, नाहीतर कुणाच्या तरी मरणाची खबर घेऊन आलेला माणूस. म्हणून 'या' म्हणताना माझाच आवाज मला परका वाटला.

दारात बोरी नेनी उभ्या होत्या. आमच्या गल्लीतलं शेवटचं घर त्यांचं आणि त्यांच्या नवऱ्याचं, वेन्त्सेल बाचींचं; आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला नेनी म्हणतात आणि पुरुषाला बाची. त्याच्यापुढे कुरण आणि कुरणापलीकडे जंगल. त्यांनी एप्रनची झोळी करून त्यात काहीतरी धरलं होतं.

"ढवळत राहा, थांबू नकोस," त्या म्हणाल्या. मग झोळीतली वस्तू टेबलावर ठेवली. ठेवताना ठक्क आवाज झाला. "हे काय आहे ते सांग."

"नेनी, तुम्ही मला विचारताय?"

"तुलाच विचारतेय. तू बाहेरून आलेली. तुला ओळखता आलं म्हणजे कुणालाही येईल."

मी मान वळवून पाहिलं. तळहाताएवढी, लाकडासारखी कडक बुरशी. वरून करडी-काळी, पण कडेला नारिंगी-लाल पट्टा, ईस्टरच्या अंड्याच्या रंगात बुडवून काढल्यासारखा. खालची बाजू सायीच्या रंगाची. आंबूस वास येत होता.

"लाल काठाचा आहे," मी म्हटलं. "फरच्या झाडावरचा. टापलो नाही हा."

"नीट बघ."

"नेनी, नीट काय बघायचं? काठ तर..."

त्यांनी चुलीजवळची काडेपेटी उचलली, काडी ओढली आणि त्या बुरशीच्या कवचाला लावली. कवच लाखेसारखं पाघळलं, राळेचा वास घरभर पसरला. टापलोचं कवच असं कधीच पाघळत नाही. त्यांनी काडी फुंकून विझवली आणि ती हातातच धरून बसल्या.

"वेन्त्सेलनं आणलाय," त्या म्हणाल्या. "काल. पोतंभर."

मुरंबा तळाला लागला. मला वास आला, पण माझा हात हलेना.

टापलो म्हणजे बीच नावाच्या झाडाच्या मेलेल्या किंवा मरायला टेकलेल्या खोडावर घोड्याच्या खुरासारखी फुटणारी बुरशी. ती खायची नसते, तिच्या टोप्या करतात. रस्त्याकडेच्या दुकानांपुढे पर्यटकांच्या गाड्या थांबतात, लोक वेन्त्सेल बाचींच्या टोप्या हातात घेऊन कुरवाळतात आणि हटकून विचारतात, "हे मश्रूमच ना? मग खातात का?" बाची अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "खातात ना. फक्त दात आधी काढून माझ्यापाशी ठेवा. नंतर शोधत बसावं लागतं."

वरचं कवच तासायचं, खालचा नळ्यांचा थर टाकून द्यायचा, आणि मधे जो बोटभर तपकिरी गर उरतो, हरणाच्या कातड्यासारखा मऊ, तो कोयतीनं गोल गोल कापत जायचा. मग तो हातांनी ताणायचा. मुठीत मावणारा तुकडा ताणता ताणता टोपीएवढा होतो, अंगावर एक चीर न पडता. कापणं वेन्त्सेल बाचींचं, ताणणं बोरी नेनींचं. लग्न झाल्यापासून त्यांची ही वाटणी. दोघांचं भांडण झालं की गर कापला जायचा पण ताणला जायचा नाही, आणि टेबलावर साचलेल्या चकत्या बघून आख्ख्या गल्लीला कळायचं की आज तिथं अबोला आहे.

पण खरं काम त्याच्याही आधीचं, जंगलातलं. बीचच्याच खोडावर टापलोसारखे दिसणारे आणखी किती प्रकार उगवतात. एकाचा गर दगडासारखा, त्यावर कोयती बोथट होते. एकाच्या खालच्या पांढऱ्या बाजूवर नखानं रेघ ओढली तर ती तपकिरी होते. मुलं त्यावर चित्रं काढतात, बाकी तो कशाच्या कामाचा नाही. आणि हा लाल काठाचा. वेन्त्सेल बाची बोटाच्या पेरानं कवचावर एकदा ठोकायचे, अंगठा खालून फिरवायचे, नाकाशी न्यायचे. झालं. माझ्या लग्नात जेवणं झाल्यावर पुरुषांनी त्यांचे डोळे रुमालानं बांधले आणि एकेक तुकडा हातात द्यायला सुरुवात केली. हा उत्तरेच्या उतारावरचा, हा ओढ्याकाठचा, हा गेल्या वर्षीचा वाळलेला, असं बाची सांगत गेले. शेवटी कुणीतरी बुटाची टाच दिली. बाचींनी ती हुंगली आणि म्हणाले, "हा लेहेलच्या बापाचा बूट. झाड अजून उभं आहे, पण आतून पोखरलंय." माझे सासरे हसता हसता बाकावरून खाली पडले.

त्या माणसानं लाल काठाचे पोतंभर तोडून आणले होते. डोळ्यांना दिसतो असा पट्टा, हाताला कळतो असा चिकटपणा, नाकाला येतो असा वास, सगळं ओलांडून.

"डोळे?" मी विचारलं.

"डोळे शाबूत आहेत. काल कुरणापलीकडे कुणाची गाय मोकळी सुटलीय ते आमच्या दारातून सांगितलं." नेनींनी विझलेली काडी टेबलावर ठेवली. "म्हणून तर दार ठोकलं, शारी. हाक मारत आले असते तर त्याला ऐकू गेलं असतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मुरंब्याची बरणी घेऊन मी त्यांच्याकडे गेले. बाची खिडकीपाशी बसून गर कापत होते. कोयती त्यांच्या हातात अशी फिरत होती की मला वाटलं, नेनी उगाच घाबरल्या.

"या मास्तरीणबाई!" मी कोलोझ्वारला कॉलेजात शिकले म्हणून इतक्या वर्षांनीही त्यांची ही हाक सुटली नव्हती. "मुरंबा? बघू. काळा दिसतोय."

"जरा लागलाय, बाची."

"जरा? याच्यानं छपराला डांबर फासता येईल."

"नको असेल तर परत नेते."

"ठेव, ठेव. फुकटचं डांबर कोण परत करतं?"

नेनी समोर गर ताणत बसल्या होत्या, गुडघ्यावर ओढून, सगळ्या बाजूंनी सारखा. त्याही हसल्या. चुलीत लाकूड तडतडत होतं. मी उठायला निघाले तसे बाची म्हणाले, अगदी सहज, कोयती न थांबवता, "आणि एक बरणी गाश्पारसाठी ठेव. त्याला करपटच आवडतो."

नेनींच्या हातातला गर टर्रकन फाटला.

"फाटला?" बाचींनी मान वर करून विचारलं. "तुझ्या हातून?"

"हातांचं वय झालं," नेनी म्हणाल्या, आणि तो तुकडा त्यांनी एप्रनच्या खिशात दडवला.

गाश्पार बाचींचा धाकटा भाऊ. मी या गावात सून म्हणून आले त्याच वर्षीच्या शरदात तो गेला. आमच्या टापलोवाल्यांची एक रीत आहे. झाडावर चढण्याआधी किंवा शिडी लावण्याआधी त्यांच्यातला जो वयानं मोठा असेल तो कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं खोडावर ठोकतो आणि कान लावून ऐकतो. बाकीचे टोप्या काढून गप्प उभे राहतात. तो 'घन' म्हणाला तर चढायचं, 'पोकळ' म्हणाला तर तिथं कितीही टापलो असोत, पुढं व्हायचं. कारण टापलो उगवला याचा अर्थच झाड आतून सडायला लागलं. प्रश्न एवढाच असतो की अजून किती उभं राहील. आणि त्याचा निकाल मोठ्याच्या कानावर. त्यावर कुणी वाद घालत नाही.

त्या दिवशी घळीत एक अवाढव्य बीच होता, वरपासून खालपर्यंत खुरांनी लगडलेला. वेन्त्सेल बाचींनी ठोकलं, ऐकलं आणि 'घन' म्हणाले. गाश्पार चढला. झाड त्याच्यासकट मधेच मोडलं.

त्यानंतर बाची घळीत कधी गेले नाहीत. गावातलंही कुणी गेलं नाही. तिथून लाकूड ओढून आणायला वाट नाही, म्हणून ते खोड पडलं तसंच राहिलं. बाची टापलो तोडत राहिले, पण ठोकून झाल्यावर इतका वेळ कान लावून उभे राहायचे की बरोबरचे लोक कंटाळून दुसरीकडे जायला लागले. मग ते एकटेच जायला लागले.

लेहेलनं त्यांना गाडीतून शहरातल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर भल्या होत्या. त्यांनी बाचींना कागदावर घड्याळ काढायला सांगितलं, वार विचारला, आणि बाहेर येऊन नेनींना हळूच सांगितलं की विसरणं वाढत जाईल, कधी भरभर, कधी थांबून थांबून, आणि एकटं सोडू नका. येताना गाडीत बाची म्हणाले, "बाईंना घड्याळ हवं होतं तर बाजारात मिळतं की."

एकटं सोडू नका म्हणणं सोपं आहे. नेनी पहाटे गाईची धार काढायला गोठ्यात शिरल्या की बाची पोतं खांद्यावर टाकून कुरण ओलांडलेले असायचे. दुपारी परत यायचे, खुशीत, दमलेले. पोत्यात कधी सगळे बीचचेच टापलो, उत्तम, निवडून घेतलेले. कधी अर्धे लाल काठाचे. एकदा नुसत्या सालीच. नेनी तळघरात बसून निवडायच्या, नको ते चुलीत घालायच्या. ही बुरशी भडकून जळत नाही. धुमसत राहते, आतल्या आत, तासन्‌तास, वरून बघणाऱ्याला विझली असं वाटावं अशी. पूर्वी लोक यातूनच विस्तव एका घरून दुसऱ्या घरी न्यायचे. नेनींची चूल त्या शरदात दिवसरात्र गरम राहिली.

"आज काय भट्टी लावलीस का?" बाची विचारायचे.

"म्हातारपणी थंडी वाजते," नेनी सांगायच्या.

आणि कमी पडलेला माल त्या पलीकडच्या गावातल्या केलेमेनकडून मागवायच्या. लेहेल गाडीतून आणायचा, मी नेनींबरोबर तळघरात बसून तो बाचींच्या ढिगात मिसळायची. बाची तो कापायचे, नेनी ताणायच्या. टोप्या पूर्वीसारख्याच व्हायच्या. एकदा मी म्हटलं, "नेनी, असं किती दिवस?" त्या म्हणाल्या, "हे काम काढून घेतलं तर त्याच्यापाशी काय उरतं? मी? मला तर तो अजून ओळखतो. तेवढं राहू दे."

ऑक्टोबर संपत आला होता. त्या दिवशीही आम्ही तळघरात निवडत होतो. पोत्याच्या तळाशी नेनींच्या हाताला काहीतरी लागलं आणि त्यांनी ते उजेडाकडे धरलं. मी पाहिलं तर बीचचाच टापलो होता, जुना, जाडजूड. पण आकार विचित्र. वरचा खूर एका दिशेला, आणि त्याच्याच पोटातून फुटलेला दुसरा खूर त्याला आडवा, कुणीतरी मान पिरगाळल्यासारखा.

"हा असा कसा?" मी विचारलं.

नेनींनी तो उलटसुलट फिरवून पाहिला. त्यांचा रंग उतरला होता.

"टापलोचं तोंड नेहमी जमिनीकडे," त्या शेवटी म्हणाल्या. "झाड उभं असताना खोडातून आडवा निघतो आणि खाली बघतो. झाड पडलं की त्याची खालची बाजू एकदम कडेला येते. तसा तो वाढत नाही. वळतो, आणि पुन्हा जमिनीकडे तोंड करून वाढायला लागतो." त्यांनी वरचा खूर दाखवला. "हा झाड उभं होतं तेव्हाचा." मग खालचा दाखवला. "हा पडल्यावरचा."

"मग?"

"असला कुणी तोडत नाही. मधला गर आडवा-उभा होतो, ताणला की फाटतो. आणि आपल्या जंगलात पडलेलं खोड राहतं कुठं? पडल्या पडल्या लोक ओढून नेतात."

तसं पडून राहिलेलं खोड एकच होतं, घळीतलं. वर, आमच्या डोक्यावर, लाकडी फळ्यांवरून बाचींची पावलं इकडून तिकडे जात होती.

"विचारा ना त्यांना," मी कुजबुजले.

"विचारलं, रोज विचारते कुठं गेलास म्हणून. म्हणतो, नेहमीच्या उतारावर." नेनींनी तो वळलेला टापलो चुलीत घातला नाही. कोनाड्यात पालथा ठेवला. "कुऱ्हाड लपवली तर सुरी नेईल. सुरी लपवली तर हातांनी ओरबाडेल. माणूस कुठं लपवू?"

मृतांच्या दिवशी संध्याकाळी आमचं सगळं गाव स्मशानात असतं. थडगी आधीच झाडूनपुसून झालेली, शेवंतीच्या कुंड्या मांडलेल्या, आणि अंधारायला लागलं की प्रत्येक घराच्या मेणबत्त्या. बाची फरच्या डहाळ्या घेऊन मागून येणार होते. नेनींनी सासूसासऱ्यांच्या मेणबत्त्या लावल्या. गाश्पारच्या थडग्यापाशी काडी ओढली आणि ती तशीच बोटांत जळू दिली.

"शारी," त्या म्हणाल्या, "तो घळीत आहे."

"येतील नेनी, रस्त्यात कुणी भेटलं असेल..."

"आजच्या दिवशी भावाला मेणबत्ती लावायला आला नाही, म्हणजे भाऊ मेलाय हेच त्याच्या डोक्यात नाही."

लेहेलनं कुणालातरी गाश्पारची मेणबत्ती लावायला सांगितलं आणि आम्ही निघालो. घरून टॉर्च आणि पत्र्याची बादली घेतली. अस्वलं अजून हिवाळ्याच्या झोपेला गेली नव्हती. त्या वर्षी बीचला फळ कमी धरलं होतं आणि ती गावाच्या कुंपणापर्यंत येत होती. लेहेल पुढे बादली बडवत, मधे नेनी, मागे मी. मागं वळून पाहिलं की स्मशानातला तो सगळा उजेड दिसायचा, जमिनीवर पडलेल्या निखाऱ्यांसारखा. मग झाडी आली आणि तोही दिसेनासा झाला.

घळीच्या तोंडाशी नेनींनी लेहेलचा हात धरला. "थांब. वाजवू नकोस."

ओल्या पानांवरून कुठंतरी पाणी गळत होतं. मग ऐकू आलं.

टक्.

मधे इतका वेळ गेला की वाटलं भास झाला.

टक्.

लेहेलनं टॉर्च खाली धरली आणि आम्ही उतरलो. ते खोड घळीत आडवं पडलेलं होतं, हिरवं-काळं, माणसाच्या कमरेला लागेल इतकं जाड, आणि त्यावर दोन्ही बाजूंनी वळलेले खूर. वेन्त्सेल बाची त्याच्यापाशी वाकून उभे होते. टोपी काढलेली. कुऱ्हाडीची मागची बाजू खोडावर टेकलेली, कान खोडाला लावलेला. आम्हाला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"बाची, चला घरी," लेहेल म्हणाला.

"श्श. घन वाजतंय." त्यांनी पुन्हा ठोकलं. त्या कुजक्या खोडातून आवाज आला तो ओल्या गवतावर बूट पडावा तसा. "ऐकलंस? घन आहे. मी चढ म्हटलं त्याला. पण आता जरा वाटतंय, उतरला तर बरं. मी हाका मारतोय, तो ऐकत नाही."

आणि त्यांनी वर पाहिलं. त्यांच्याबरोबर माझीही नजर वर गेली. वर काहीच नव्हतं, फांद्या आणि त्यांच्यामधलं काळं आभाळ. पण ते इतक्या नेमक्या जागी बघत होते की मी पुन्हा तिकडे पाहिलं.

लेहेल पुढे झाला. नेनींनी त्याला मागे सारलं. त्या नवऱ्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या, डोक्यावरचा रुमाल सोडून हातात घेतला, पुरुष टोप्या काढून घेतात तसा. खोडावर मुठीनं ठोकलं. कान लावला. मग मान वर करून, स्वयंपाकघरातून अंगणात हाक मारावी तशी हाक मारली.

"गाश्पार! उतर रे खाली! किती वेळ जेवायला थांबायचं आम्ही?"

त्या थांबल्या. उतरणाऱ्या माणसाला जेवढा वेळ लागेल तेवढा थांबल्या. मग रुमाल बांधला.

"उतरला," त्या बाचींना म्हणाल्या. "तुझ्याकडे न बघता पुढं निघून गेला. रागावलाय, पण उतरला. चल."

बाचींनी निमूटपणे कुऱ्हाड लेहेलच्या हातात दिली.

परत येताना वरच्या उतारावर आमच्याबरोबरीनं काहीतरी चालत होतं. आम्ही थांबलो की काटक्या मोडायच्या थांबायच्या, आम्ही निघालो की पुन्हा सुरू. लेहेल बादली बडवत राहिला. कुरण लागलं तेव्हा तो आवाज मागे राहिला. बाचींनी एकदाच तोंड उघडलं. "मास्तरीणबाई, त्याच्यासाठी बरणी ठेवलीस ना?"

"ठेवलीय, बाची."

त्यानंतर नेनींनी कुऱ्हाड आमच्याकडे आणून दिली, लेहेलनं ती माळ्यावर टाकली. फाटकाला आतून साखळी लावली. पण आतून लावलेली साखळी आतल्या माणसाला किती अडवणार?

पहिला बर्फ पडला त्या सकाळी मी मक्याच्या पिठाची पुलिस्का घोटत होते. दारावर कुणीतरी ठोकलं. एकदा. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा एकदा.

ठोकणाऱ्याला मी ओळखलं होतं.

बाची आत आले, टोपीवरचा बर्फ दारातच झटकला, बाकावर बसले. डोळे स्वच्छ. दाढी केलेली.

"घोटत राहा," ते म्हणाले. "आज तरी करपवू नकोस."

"नेनींना माहीत आहे तुम्ही इथं आहात ते?"

"गोठ्यात आहे ती. म्हणून तर आलो." त्यांनी तळहात गुडघ्यांवर ठेवले. "हे बघ शारी, कुऱ्हाड तुमच्या माळ्यावर आहे ते मला ठाऊक आहे. ती मागायला आलो नाही."

त्यांनी मला नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती.

"केलेमेनचा माल माझ्या ढिगात मिसळता तेही ठाऊक आहे. तो डावखुरा आहे. त्याच्या टापलोचा देठ उलट्या बाजूनं तुटतो. पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोरी मला फसवताना इतकी मेहनत घेते. कसं बोलू?" ते हसले, आणि हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. "मृतांच्या दिवशी मी कुठं होतो ते मला आठवत नाही. बोरी म्हणते, स्मशानात होतास. पण माझ्या बुटाला घळीतली लाल माती होती. स्मशानातली माती काळी आहे." खिडकीबाहेर कुरण पांढरं पडलं होतं, आणि त्याच्यापलीकडे जंगलाची काळी रेघ. ते तिकडे बघत होते. "आज मला सगळं नीट दिसतंय. गाश्पार कधी मेला, कुणामुळं मेला, सगळं. उद्याचं मला माहीत नाही. एखाद्या दिवशी मी ठोकेन, घन म्हणेन, आणि बोरीला घेऊन त्या झाडाखाली उभा राहीन. ती येईल. ती माझ्यामागं कुठंही येईल."

"बाची, असं नका बोलू."

"कुणाला तरी सांगायला हवं होतं. बोरीला सांगून उपयोग नाही. मी वीट हातात धरून टापलो म्हटलं तरी ती हो म्हणेल. तू म्हणणार नाहीस."

पुलिस्काला बुडबुडे येऊन फुटत होते. मी भांडं चुलीवरून खाली उतरवलं आणि त्यांच्यासमोर बसले.

"काय करू मी?"

"रोज सकाळी ये," ते म्हणाले. "बीचचा, लाल काठाचा, तुझ्या मनाला येईल तो एक तुकडा माझ्या हातात ठेव. कुठला ते मी सांगेन. ज्या दिवशी चुकेन, त्या दिवशी फाटकाला बाहेरून कडी घाल. आणि मला सांगू नकोस."